तळाला ठेवलेली वाट

फोटो आला तेव्हा तारवाले चपलांच्या दुकानात शिडीवर उभे होते. दातांत दोन स्क्रू, डाव्या हातात छताच्या दिव्याची कडी आणि खिशात थरथरणारा फोन. खाली दुकानदार एका गिऱ्हाइकाला समजावत होता की हा बूट वापरून वापरून सैल होतो, आणि गिऱ्हाईक म्हणत होतं, मग आधी तुम्हीच महिनाभर वापरा, मी नंतर नेतो. तारवाल्यांना हसू आलं. स्क्रू बसवून ते खाली उतरले, हात पुसले आणि फोन उघडला.

लेकीने नातीचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं : ‘बघा अप्पा, कोण उभं राहिलं!’

नात खरोखरच उभी होती. काल-परवापर्यंत घरभर रांगणारी ती मुलगी मागच्या अंगणात भिंतीतल्या पितळी नळाला दोन्ही मुठींनी धरून, खालचे दोन दात दाखवत कॅमेऱ्याकडे बघत होती. चेहरा मोठा करून बघावा म्हणून तारवाल्यांनी काचेवर दोन बोटं फाकवली. ती जरा जास्तच फाकली आणि चेहऱ्याऐवजी नळाच्या वरची भिंत समोर आली. तिथे त्यांनीच बसवलेला विजेचा जंक्शन बॉक्स होता. बॉक्सच्या खालच्या कडेला एक पांढरी, चकचकीत रेघ होती.

ती रेघ तिथे असायला नको होती.

तारवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. ते व्याह्यांनी ठेवलेलं. व्याही नळाची कामं करणारे, म्हणून यांनी उलट त्यांना नळवाले करून टाकलं. लग्नाची बोलणी चालली होती तेव्हापासून दोघांचं हे असंच. एकाने पाणी मागितलं तर दुसरा म्हणणार, नळ आहे, सोडा आणि प्या. टोमण्याशिवाय दोघांत वाक्य पुरं होत नसे. लेक म्हणायची, तुम्ही दोघं सरळ बोलायला लागलात तर मी डॉक्टर बोलावीन.

बाहेरच्या भिंतीतला बॉक्स पाण्यापासून कसा राखायचा, याबद्दल मात्र तारवाले थट्टेवारी नेत नसत. वायर बॉक्सात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्यायचा, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं. झाकणाखाली रबर. वरच्या कडेला आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉनची पट्टी. खालची कड मोकळी, आणि बॉक्सच्या तळाला काडी जाईल एवढं भोक. कारण पाणी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. आज नाही तर उद्या, झाकणातून नाही तर पाइपातून, तेही नाही तर दमट हवेतून, ते आत येणारच. आलं तर त्याला जायला वाट हवी. नाहीतर बॉक्सची घागर होते, आणि त्या घागरीत वीज असते.

हे सगळं त्यांनी लेकीच्या सासरी बॉक्स बसवताना सांगायला हवं होतं. पण त्या दिवशी नळवाले मागे हात बांधून शेजारी उभे होते. तळाला ड्रिल लागलेलं बघून ते म्हणाले, “तारवाले, पाऊस लागू नये म्हणून बॉक्स, आणि त्याला भोक? मग छत्रीलाही एक पाडून द्या. आत आलेला पाऊस बाहेर जाईल.”

जावई हसला. लेकही तोंडावर पदर धरून हसली. कारण सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. तारवाले म्हणाले, “तुमच्या नळांना कुठे भोकं नसतात? फरक एवढाच, की ती तुम्ही पाडलेली नसतात.” पुन्हा हशा पिकला, आणि कारण सांगायचं राहून गेलं.

दुकानातल्या बाकड्यावर बसून तारवाल्यांनी फोटो पुन्हा मोठा केला. सिलिकॉनच होतं. तळाच्या भोकावरून अंगठ्याने दाबून गुळगुळीत केलेलं. नळाच्या जोडावर नळवाले फिरवत तसाच तो अंगठा.

मग त्यांना दुसरं आठवलं.

पाऊस लागून राहिला होता तेव्हा लेकीने फोनवर सांगितलं होतं, “अप्पा, ते ट्रिपरचं बटण सारखं पडतंय. वर करावं तर परत पडतं.” ट्रिपर म्हणजे वीज कुठे गळू लागली की खटकन पडून सगळं घर बंद करणारं बटण. तेही यांनीच बसवलेलं. “पाऊस उघडला की येतो बघायला,” ते म्हणाले होते. पाऊस उघडला नव्हता. आणि काल तीच म्हणाली, “आता नाही पडत हो. ह्यांनी कारखान्यातल्या कुणालातरी आणून करून घेतलं.” तारवाले तेव्हा भर रस्त्यात होते, कानाशी ट्रकचा भोंगा. “बरं झालं,” ते म्हणाले होते.

बरं झालं! कण्हणारा रोगी गप्प झाला म्हणजे तो बरा झाला असं नव्हे. गळती थांबलेली नसताना बटण पडायचं थांबलं, याचा अर्थ एकच. कुणीतरी तार बाहेरून वळवून ट्रिपरला बगल दिली होती.

म्हणजे बॉक्सात पाणी भरलेलं, भिंत ओली, आणि ओरडून सांगणारं बटण मुकं. त्या भिंतीत पितळी नळ. नळाचा जुना लोखंडी पाइप काढून नळवाल्यांनी प्लॅस्टिकचा घातलेला, म्हणजे नळात उतरलेली वीज जमिनीत जाऊन मोकळी होण्याचीही सोय नाही. ती नळातच थांबणार. कुणी हात लावेपर्यंत.

आणि फोटोत नात तो नळ दोन्ही मुठींनी धरून उभी. पायांत काय आहे हे बघावं तर फोटो गुडघ्यांशी संपला होता.

त्यांनी लेकीला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. हात ओले असतील, ते मनाशी म्हणाले, मशीन लावलं असेल, आणि लगेच त्यांना वाटलं की हे आपण मनात आणायलाच नको होतं. कपड्यांचं मशीन त्याच अंगणात, त्याच बॉक्सवर होतं. जावयाचा फोन कामाच्या वेळात कारखान्याच्या कपाटात असतो, हे ठाऊक असूनही लावला. तोही वाजत राहिला.

उरले नळवाले.

“बोला तारवाले! आज कुठे उजेड पाडलात?”

“कुठे आहात?”

“कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये. गळ्याशी वस्तरा आहे, जपून बोला.”

“घरी जा आणि मेन स्विच बंद करा. आत्ता.”

पलीकडून हसण्याचा गडगडाट आला. “अहो ऐका,” नळवाले सलूनवाल्याला सांगत होते, “व्याही म्हणतात घरी जाऊन मेन बंद कर!”

ते का हसले, हे तारवाल्यांना पुरेपूर कळलं. मागे एकदा नळवाल्यांनी घरभर अंधार पडल्याचं सांगून त्यांना गावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं होतं, आणि आल्यावर भोळ्या चेहऱ्याने म्हणाले होते, “मेन बंद होता होय? आम्हा नळवाल्यांना काय कळतं त्यातलं!” तारवाल्यांनी त्याची फेड टाकीत मांजर पडल्याचं सांगून केली होती. नळवाले गुडघेदुखी घेऊन गच्चीवर चढले होते. आता ‘मेन बंद करा’ म्हणजे तिसरा डाव, असंच कुणालाही वाटलं असतं.

“चेष्टा नाही. मागच्या बॉक्सात पाणी भरलंय.”

“भरेल कसं? तुमचं ते भोक मी केव्हाच बुजवलंय. घरात लहान मूल, आणि तुम्ही भोकं ठेवून जाता. आता मुंगी शिरायची नाही आत.”

“अहो, पण आतलं पाणी बाहेर—”

“हे बघा, तारा तुमच्या, पाणी आमचं. आमच्या खात्यात हात घालू नका. ठेवतो, गालाला साबण लागलाय.”

फोन बंद झाला. तारवाल्यांनी परत लावला. “मांजर पडलं का टाकीत?” एवढंच विचारून नळवाल्यांनी तोही बंद केला.

लांडगा आला रे आला! ती गोष्ट लहानपणी ऐकताना मेंढ्या राखणारा पोरगा मूर्ख वाटायचा. आपल्या घरात दोन-दोन म्हातारे तसले निघाले, तारवाल्यांच्या मनात आलं. दुकानदार विचारत होता, “काय झालं हो? पाणी देऊ?” त्यांना पाणी नको होतं. पाणी हा शब्दही नको होता.

तिसऱ्यांदा फोन उचलला गेला तेव्हा पलीकडून काही यायच्या आत ते बोलले.

“दादा.”

इतक्या दिवसांत त्यांनी व्याह्यांना दादा म्हटलं नव्हतं.

“दादा, हात जोडतो. तुमची-माझी नात त्या नळाला धरून उभी आहे. नळात वीज उतरली असेल. मी लांब आहे, तुम्ही जवळ आहात. पळा.”

खुर्ची करकरली. कुणीतरी “अहो, टॉवेल!” असं ओरडलं. मग चपलांचा फटक फटक आवाज, पावसाचा आवाज, धापा, आणि फोन तुटला.

तारवाल्यांनी पिशवी उचलली आणि स्कूटर काढली. दुकानातला अर्धा दिवा तसाच लोंबकळत राहिला.

पाऊस मोठा नव्हता, पण थांबतही नव्हता. रस्त्याची एक बाजू गटारासाठी खणलेली, तिथून बस आणि टेंपो एकमेकांना वाट देत नव्हते. तारवाले फूटपाथला चाक घासत पुढे सरकले. एका बाईने शिव्या घातल्या. त्यांनी मान डोलावली, म्हणजे बरोबर आहे तुमचं.

पुलावर चढताना त्यांना ते सुचलं.

नळवाल्यांना आपण ‘पळा’ म्हणालो. ते पळाले. पळत जाऊन ते काय करतील? कुणीही आजा करेल तेच. पोरगी नळाला चिकटलेली दिसली तर आधी पोरीला धरतील. ओल्या अंगाने, ओल्या फरशीवर. आणि मग तेही चिकटतील. त्यांना बघून लेकही शिकलेलं विसरून धावेल. आधी मेन, मग माणूस, हे वायरमनच्या घरात पोरंसोरंही शिकतात. नळवाल्यांच्या घरात कोण शिकवणार? आपण शिकवायला हवं होतं. आपण टाकीतलं मांजर शिकवलं.

एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली थांबून त्यांनी फोन लावला. उचलला नाही. लेकीला लावला. उचलला नाही. आणखी लावावा की गाडी हाणावी? थांबलं तरी जीव जातोय, निघालं तरी जातोय. ते निघाले. उरलेल्या वाटेत त्यांनी काय पाहिलं हे त्यांना नंतर सांगता आलं नाही. मनात फक्त लेकीचं लहानपण होतं. नवा फ्रिज आला, नवी इस्त्री आली, की ते तिचा हात धरून शिकवायचे, “टिकले, पहिला स्पर्श हाताच्या पाठीने. वीज असली तर तळहात आवळून घेतो, पाठ झटकून टाकते.” टिकली शिकली होती. दोन दात आलेल्या पोरीला हाताला पाठ असते हेही ठाऊक नसतं.

गल्लीच्या तोंडाशी गर्दी नव्हती. गर्दी नाही हे चांगलं की वाईट, ते त्यांना ठरवता येईना. दार सताड उघडं होतं. आत अंधार.

दाराशेजारी विजेच्या बोर्डाला पाठ लावून नळवाले उभे होते. गळ्यात सलूनचं पांढरं कापड, एक गाल तुळतुळीत, दुसऱ्यावर साबण पावसाने ओघळून मानेत उतरलेला. पायात एकच चप्पल. एक हात त्यांनी मागे वळवून मेन स्विचवर घट्ट ठेवला होता.

“बंद आहे,” ते म्हणाले. “कुणाला हात लावू देणार नाही मी.”

“पोरगी?”

“आत आहे. आईकडे.”

“तुम्ही आधी...”

“आधी मेन. मग पोरीकडे. तुम्हीच म्हणालात ना पहिल्या फोनला, मेन बंद करा? हसलो, पण कानात राहिलं.”

तारवाले उंबऱ्यावर बसले.

आतून लेक तणतणत आली. कडेवर नात, नाकाचा शेंडा रडून लाल. “अप्पा, काय चाललंय हे? बाबा ओरडत आले, ‘लांब हो, नळापासून लांब हो’, बाळ घाबरून अर्धी झाली. मशीन साबणाच्या पाण्यात बंद पडलंय. तुमचा नवा खेळ आहे का दोघांचा?”

“टिकले, फोटो काढलास तेव्हा ही कशावर उभी होती?”

“म्हणजे?”

“पाय. तिचे पाय कशावर होते?”

“माझ्या चपलांत. फरशी ओली होती म्हणून मी घातल्या तिच्या पायांत. एवढाल्या रबरी चपलांत ती इतकी गोड दिसत होती, म्हणून तर फोटो काढला. आणि पाय आलेच नाहीत बघा त्यात.”

दोन्ही आजे लेकीच्या पायांकडे बघत राहिले. चपला आता तिच्या पायांत होत्या, निळ्या, टाचेशी झिजलेल्या.

लेकीचा आवाज उतरला. “सकाळी नळाला माझं कोपर लागलं होतं अप्पा. झिणझिण्या आल्या. मला वाटलं, हाड आपटलं.”



तारवाले उठले. टेस्टर लावून पाहिला, दुसऱ्या जागी लावून पाहिला, मगच मागच्या भिंतीशी गेले. नळवाले छत्री धरून शेजारी. सुरीने खालची पांढरी पट्टी कापली आणि झाकणाचे स्क्रू सैल केले. झाकण पुरतं निघायच्या आधीच बॉक्समधून पाणी भसकन आलं आणि नळवाल्यांच्या अनवाणी पायावर पडलं. थोडंथोडकं नव्हे. गंजाचं, तपकिरी, सहज तांब्याभर निघालं असतं. आत वायरींचे जोड हिरवे पडले होते.

नळवाले पायाकडे बघत म्हणाले, “हे आलं कुठून? मी तर सगळं बंद केलं होतं.”

तारवाल्यांनी वर बोट केलं. गच्चीवरच्या दिव्याची वायर ज्या पाइपातून खाली येत होती, त्याचं तोंड वर होतं. नळवाले गुडघा धरत जिना चढून गेले. थोड्या वेळाने वरून आवाज आला.

“तारवाले! इथलं तुमचं सिलिकॉन उन्हाने फाटलंय! बोट जातंय आत!”

आवाजात विजय होता. पण तो शेवटच्या शब्दापर्यंत टिकला नाही. नळवाले खाली आले ते मान खाली घालून.

तारवाल्यांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. आयुष्यभर पुरलं असतं असं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, इथून सुरुवात. त्यांनी तोंड उघडलं.

“अप्पा,” लेक दारातून म्हणाली. “आज एकही टोमणा नको. काय झालं ते मला सांगा. एकमेकांनाही सांगा. साध्या शब्दांत, शाळेत सांगतात तसं.”

तारवाल्यांना ते जड गेलं. “वरचं तोंड मी बंद केलं होतं, ते तपासायला मी परत आलो नाही,” ते बॉक्सकडे बघत म्हणाले. “पाणी तिथून आलं. खालचं भोक त्यासाठीच होतं. आलेलं जावं म्हणून. मी ते तुम्हाला सांगितलं नाही.”

“सांगितलं असतंत तरी मी ऐकलं नसतं,” नळवाले म्हणाले. “पण सांगायचं होतंत. मला वाटलं, रांगती पोर आहे, बोट घालेल, काडी घालेल. म्हणून बुजवलं.”

“आणि ट्रिपर?”

“पोराने करून घेतलं ते. बटण पडलं की पंखा बंद, पंखा बंद की ही पोर जागी. रात्र रात्र रडायची. तिच्यासाठीच केलं त्याने.”

“त्यांना मी बघते,” लेक म्हणाली, आणि जावयाची संध्याकाळ कशी जाणार हे दोघांनाही कळलं.

सगळं एकदम होणार नव्हतं. तारवाल्यांनी मागच्या बॉक्सची लाइनच सोडवून ठेवली. नीट वाळल्यावर नवे जोड करायचे, तोवर अंगणात वीज नाही. बोर्डातली वळवलेली तार कापली, ट्रिपर पुन्हा जागेवर घेतला. स्क्रू दोनदा पडला, दोन्ही वेळा नळवाल्यांनी उचलून दिला. गच्चीवर पाइपाच्या तोंडाला वाकडा जोड नळवाल्यांनी आपल्या पिशवीतून काढून बसवला, तोंड खाली करून. पट्टी कापली तरी तळाच्या भोकात घट्ट बसलेलं सिलिकॉन तसंच होतं. ते कुणी मोकळं करायचं, हा प्रश्न निघाला नाही. नळवाल्यांनी हातड्रिल घेतलं आणि हळूहळू, जपून, स्वतःच पाडलं. पाडून झाल्यावर त्यात काडी घालून बघितली.

मग मेन चालू केला. घरात पंखा फिरू लागला. तिघंही ट्रिपरकडे बघत राहिले. बटण पडलं नाही. यावेळी न पडण्याचा अर्थ तारवाल्यांना ठाऊक होता, तरी ते बराच वेळ तिथून हलले नाहीत.

अंगणात येऊन त्यांनी नळाला टेस्टर लावला. दिवा पेटला नाही. मग हात उलटा केला आणि पाठीने नळाला शिवले. थंड पितळ, बाकी काही नाही. नळवाल्यांनी ते पाहिलं, पुढे झाले, आपला हात उलटा केला आणि तसेच शिवले. पाठोपाठ लेक.

बाळाला सोडणारच नव्हती ती. पण कडेवर वळवळून वळवळून नात खाली उतरली, ओल्या फरशीवर अनवाणी, आणि सकाळचा पराक्रम आठवून थेट नळाकडे रांगत गेली. कुणाला अडवायचं सुचलं नाही. अडवायचं कारणही उरलं नव्हतं. लाइन सुटलेली होती, हे तारवाल्यांनी स्वतः केलं होतं. तरी तिने दोन्ही मुठींनी नळ धरला तेव्हा त्यांचा श्वास छातीतच राहिला. शेजारी नळवाल्यांचाही. साबणाचा एक ओघळ त्यांच्या हनुवटीवरून टपकला.

नात उभी राहिली. डुलली, सावरली, आणि कौतुकासाठी वळून बघू लागली. आईकडे, एका आज्याकडे, दुसऱ्याकडे. कुणीच टाळी वाजवेना, कुणाच्या चेहऱ्यावर हसू नाही. तिने खालचा ओठ पुढे काढला.

“हसा की, दादा,” तारवाले कुजबुजले. “रडेल ती.”

“तुम्ही हसा आधी,” नळवाले म्हणाले. “मला जमत नाहीये.”